लासियेमचे पाच ठोके

आमच्या गावात घर बांधताना माणसं कुठे निजणार हे नंतर ठरतं, गाय कुठे निजणार ते आधी. गाव सागाच्या जंगलाला खेटून. इथे गाय बाहेर गोठ्यात बांधणं म्हणजे चोराला आमंत्रण धाडणं. म्हणून गाय घरात. शहरातून सून आली की आठ दिवस नाक धरून फिरते, नवव्या दिवसापासून तीच शेण भरते. तिला दुसरा इलाज नसतो.

पण म्बाह लासियेमपुढे सगळे फिके. म्बाह म्हणजे आजी; ती माझी शेजारीण. तिची गाय लेगी थेट चुलीशेजारी, म्हातारीच्या बाजेपासून दोन हातांवर. मधे कमरेएवढी बांबूची तट्टी, तीही नावाला. आधी गाय जेवायची, मग म्हातारी. नवरा वारला तेव्हा दिरांनी शेत वाटून घेतलं आणि हिच्या वाट्याला सांत्वन आलं. मग हिने दुसऱ्यांच्या बांधावरचं गवत कापून कापून एक हडकुळी कालवड वाढवली. तीच ही लेगी. आता ती सात महिन्यांची गाभण होती. म्हातारीची जमीन, दागिने, म्हातारपणाची सोय, सगळं त्या चार पायांवर उभं होतं.

मी वाकिदी, गावचा पहारेकरी. हिरवा गणवेश, तोही आधीच्या पहारेकऱ्याच्या मापाचा, त्यामुळे विजार घोट्याच्या वर. म्हातारीला माझ्या पहाऱ्याचं भारी कौतुक.

"म्बाह, इतकी कशाला भिता? दहा वर्षांत या गावात चोर आलाय का?"

"मी जागी असते म्हणून नाही आला. तू काय करतोस ते ऐकू येतं हो मला. काल हुकमाचा एक्का कुणाकडे होता तेही सांगू का?"

असली जीभ! पण खोटं एक अक्षर नाही.

त्या वर्षी तालुक्याने 'सुरक्षित गाव' स्पर्धा काढली आणि आमचे लुराह, म्हणजे गावप्रमुख, पाक मार्सुदी (पाक म्हणजे मानाने 'बाबा') यांच्या अंगात संचारलं. गावात प्यायच्या पाण्याची बोंब, जंगलातून मोठ्या रस्त्याला जाणारी एकुलती एक वाट खड्ड्यांनी भरलेली, पण स्पर्धेची ढाल पाहिजे! वेशीवर कमान झाली. झाडांच्या बुंध्यांना चुना लागला. मग पाक लुराहांच्या लक्षात आलं की घराघरांत गाई आहेत.

"परीक्षक विचारतील," ते सभेत म्हणाले, "गाव एवढं सुरक्षित, तर गाई माणसांच्या उशाला कशा? काय उत्तर देणार? त्या दिवशी सगळ्या गाई सामुदायिक गोठ्यात. गावचा गावाच्या पहाऱ्यावर विश्वास आहे, हे दिसलं पाहिजे."

"विश्वास दाखवायला माझीच गाय लागते होय?" मागून म्हातारी म्हणाली. "तुमची मोटारसायकल ठेवा की किल्ली लावून वेशीवर."

लोक फिदीफिदी हसले. पाक लुराहांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ते गोड हसले. पुढारी माणूस ना!

सामुदायिक गोठा म्हणजे शाळेच्या पलीकडे, जंगलवाटेच्या तोंडाशी, रंगवलेली बांबूची चार खोडं. वर पाटी: 'एकजुटीत सुरक्षा'. दार दोरीने बांधायचं. गावातल्या दहा गाई द्यायला लोक तयार झाले. लासियेम काही ऐकेना. तेव्हा तिला समजावायला कुणाला पाठवलं? मला. शेजारी म्हणून.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, म्बाह. सकाळी नेऊ, संध्याकाळी आणू."

"आणि तेवढ्यात कुणी नेली तर?"

"मी आहे ना पहाऱ्यावर! गोठ्यासमोरून हलणार नाही. शब्द देतो."

म्हातारी मला लहानपणापासून 'दी' म्हणते. "तू लहानपणी माझे पेरू चोरायचास, दी. पण विचारलं की कबूल करायचास. जा, ने. तुझ्या शब्दावर देते."

मी शब्द दिला तेव्हा तो खराच होता, देवाशपथ. पण स्पर्धेच्या सकाळी पाक लुराह म्हणाले, सगळे पहारेकरी संचलनाला हवेत, गोठ्यावर माणूस उभा दिसला तर परीक्षकांना वाटेल आपण घाबरतो. आणि परीक्षकांपुढे चोर पकडण्याचं प्रात्यक्षिक होतं, त्यात मला त्यांनी चोर केलं. का, तर माझा चेहरा शोभतो म्हणे.

आमच्याकडे इशाऱ्याला केंतोंग असतो, पोकळ लाकडाचा ठोकळा, घरोघरी नि नाक्यानाक्यावर टांगलेला. दोन-दोन ठोके म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग, पाच-पाच म्हणजे गुरं पळवली. रांगणाऱ्या पोरालाही हे कळतं. प्रात्यक्षिकात फक्त दोन-दोन ठोके होते, तसं लिहूनच दिलं होतं.

भर दुपारी, मैदानात मांडवाखाली तीन परीक्षक बसलेले, त्यांच्यासमोर मी तोंडाला काजळी फासून, पाक लुराहांचीच कोंबडी काखेत मारून पळालो. दोन-दोन ठोके पडले. आणि जे गाव खऱ्या पहाऱ्याच्या पाळीला कधी उठत नाही, ते सगळं गाव माझ्यावर तुटून पडलं! सरावात हळू धरायचं ठरलं होतं. पण ज्याचा ज्याचा माझ्यावर राग होता त्याने हात धुऊन घेतले. मला फणसाच्या झाडाला आवळून बांधलं. परीक्षक टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात गोठ्याच्या बाजूने ठोके ऐकू आले. पाच. पुन्हा पाच. पुन्हा पाच.

सगळ्यांनी वळून पाहिलं. पाक लुराहांचा चेहरा क्षणभर उतरला. एका परीक्षकाने मान डोलावली, "वा! एकापाठोपाठ दोन प्रसंग! ही कल्पना नवीन आहे." लगेच पाक लुराहांचा चेहरा उजळला. "आमचं गाव कशालाही तयार असतं, साहेब," ते म्हणाले.

लासियेम धावत आली. केस सुटलेले, हातात विळा. तिचा कुणावरच विश्वास नव्हता, म्हणून ती दुपारचं गवत घेऊन गोठ्यावर गेली होती.

"लेगीला नेली! पांढऱ्या टेम्पोत घालून नेली! अरे, जंगलवाटेने गेलेत, आत्ताच गेलेत, पळा रे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी शिट्टी मारली. "म्हातारीने धमाल केली!" ती एकेकाचा दंड धरून हलवत होती आणि जो तो हसून तिच्या पाठीवर थोपटत होता. मी झाडाला बांधलेला, जिवाच्या आकांताने ओरडलो, "अरे, ही खरी चोरी आहे! पाच ठोके आपल्या नाटकात नाहीत!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि परीक्षकसुद्धा पोट धरून हसले.

लेगीच का? बाकीच्या दहा गाई गोठ्यात होत्या, त्या अनोळखी माणसाला शिंगं दाखवतात. लेगी माणसांतच वाढलेली. हाक मारली की ती मागे जायची.

पाक लुराहांनी कारकुनाला मोजायला पाठवलं. तो आला, कानात काही बोलला. मग पाक लुराह स्वतः माझ्या दोऱ्या सोडायला आले.

"वाकिदी, एक कमी आहे," ते पुटपुटले. "पण गुणपत्रकावर सही व्हायची आहे. जेवणं उरकू दे, मग सगळे धावू."

"पाक, वाट खड्ड्यांची आहे. टेम्पो अजून जंगलातच असेल. तुमची मोटारसायकल द्या, मी गाठतो."

"आणि परीक्षकांना काय सांगू? आमच्या सुरक्षित गावातून आत्ताच गाय गेली? अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. चल, साहेबांना चोराबरोबर जेवायचंय."

तिकडे बायकांनी म्हातारीला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि गोड चहा पाजला. इकडे केळीच्या पानांवर भात आणि बोकडाचा रस्सा आला. मी परीक्षकांच्या शेजारी बसलो. मोटारसायकल समोरच होती, किल्ली तिलाच लटकलेली. अर्ध्या तासाचा एक तास झाला.

जेवणानंतर सही झाली. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, म्हणजे ढाल आमचीच. सतर्क नागरिक म्हणून लासियेमला खास बक्षीस, एक थर्मास. तिला पुढे आणलं. ती मोठ्या साहेबांना हात जोडून म्हणाली, "साहेब, माझी गाय खरंच गेली हो."

"बघा!" साहेब आम्हाला म्हणाले. "अजून भूमिकेतून बाहेर येत नाहीत."

परीक्षकांची गाडी गेल्यावर मग आम्ही सतरा जण धावलो. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत टेम्पोचा मागमूसही नव्हता. पोलिसांत जायचं म्हटलं तर पाक लुराहांनी कानावर हात ठेवले. "आज ढाल मिळाली आणि आजच चोरी नोंदवायची? वरच्यांची थट्टा केल्यासारखं होईल. आणि साक्षीदार कोण? सगळं गाव तर टाळ्या वाजवत होतं." दुसऱ्या दिवशी गोठ्याला लोखंडी दार आणि कुलूप. बैल गेला आणि झोपा केला! आत बांधायला मात्र एकही गाय नव्हती, कारण त्याच संध्याकाळी सगळ्या गाई घरोघरी परतल्या होत्या. सगळ्यांत आधी पाक लुराहांची. त्यांच्या फरशीच्या बैठकीत ती आता ढालीखाली बसते.

लासियेम थर्मास तिथेच टाकून गेली. पोटाला काही तर हवं, म्हणून ती आता पाक लुराहांच्या गाईसाठी गवत कापते. भारा पोचवते, मजुरी घेते, कुणाशी बोलत नाही. माझ्याशी तर नाहीच.

महिन्याभराने मी धीर केला. अर्धं पोतं मका घेऊन तिच्या दारात गेलो. ती विळ्याला धार लावत होती. तट्टी काढून टाकलेली, चुलीशेजारी जमीन झाडून लख्ख केलेली.

"म्बाह, माझं चुकलं. पण खरं सांगतो, मी ओरडलो होतो. माझे हात बांधलेले होते हो."

तिने वर पाहिलंही नाही.

"जेवताना सोडले होते की, दी. रस्सा दोनदा मागून घेतलास, मी स्वयंपाकघरातून बघत होते."

मका तिने घेतला नाही.