ब तुकडीची दुपार

मेहकरहून जानेफळकडे निघालं की रस्त्याला एक आरागिरणी लागते. परवा तिथे ओली बाभूळ फाडत होते. तो तुरट वास गाडीच्या खिडकीतून आत आला आणि माझ्या मनगटात कळ उठली. खरं तर तुटलं होतं ते मनगट माझं नव्हतं. मी तेव्हा दारात उभा होतो, आणि दारात उभ्या राहणाऱ्यांचं सहसा काही तुटत नाही.

जिल्हा परिषदेच्या ज्या हायस्कूलात मी मराठी शिकवत असे, तिथे दहावीच्या दोन तुकड्या होत्या. अ तुकडीत हुशार मुलं बसतात, असं कागदोपत्री होतं. प्रत्यक्षात ज्यांच्या घरचे कापूस वेचून घेत त्यांची मुलं अ मध्ये आणि ज्यांच्या घरचे वेचायला जात त्यांची ब मध्ये. दिवाळी सरली, बोंडं फुटली की मधल्या सुट्टीनंतर ब तुकडी वावरात जाई. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो काटेकोर पाळला जाई. भूमितीची प्रमेयं, डोक्याला घाम फोडणारी उदाहरणं, सगळं दुपारी, अ तुकडीपुरतं. ब ला पास होण्याइतकी पाठांतराची वही. दुपारची त्यांची हजेरी माझ्याकडे होती. रिकाम्या बाकांसमोर बसून मी सुवाच्य अक्षरात एकेकाला हजर करत असे. शाळा समितीच्या अध्यक्षांना समान संधीवरचं झेंडावंदनाचं भाषणही मीच लिहून दिलं होतं. टाळ्या बऱ्या पडल्या होत्या.

त्या वर्षी नांदुऱ्याकडून गणिताच्या एक मॅडम बदलून आल्या. अंगाने किरकोळ, आवाज कोरडा. दिवाळीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्या मधल्या सुट्टीत फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि वावराकडे निघालेली ब तुकडी त्यांनी आपल्या वर्गात वळवली. मुख्याध्यापकांनी त्यांना शाळेच्या शंभर टक्के निकालाची परंपरा समजावून सांगितली. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आणखी सहा बाक मागितले.

त्या बाकांवर बसलेली एक मुलगी मला अजून दिसते. तिची बोटं बोंडाचं टरफल टोचून टोचून खरबरीत झालेली. तिला अकरावीला मेहकरला सायन्स घ्यायचं होतं, आणि हे गणित आल्याशिवाय तिथे आपला टिकाव लागणार नाही, हे तिला कुणी न सांगता कळलं होतं. तिचा बाप अध्यक्षांच्या वावरात वेचणीची टोळी घेऊन जाई. टोळीतल्या निम्म्या पोरी ब तुकडीतल्या. त्याचीच पोरगी वर्गात बसली म्हटल्यावर बाकीच्याही बसल्या. कापूस झाडावर लोंबू लागला. मग एका सकाळी अध्यक्षांनी त्याला सगळ्या टोळीसमोर विचारलं म्हणे, घरची पोट्टी आइकत नाही, तू टोळी काय सांभाळतो बे?

दुपारी तो आला. बैलगाडीच्या कडेची उभारी, साल न काढलेला बाभळीचा नवा दांडा, उपसून थेट वर्गात. पहिला घाव फळ्यावर पडला आणि त्रिकोणाचे दोन तुकडे झाले. दुसऱ्याने पुढचा बाक फुटला. मुलं भिंतीला चिकटली. ती फळ्यापाशी प्रमेय मांडत होती; तिने मात्र हातातला खडू सोडला नाही. बापाने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि ओढलं. ती खाली पडली, कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं. रक्त डोळ्यात उतरत असताना ती म्हणाली, "बाबा, मले एवढं पुरं करू द्या. मंग येतो मी."

माझ्या शेजारी, दारात, इस्त्रीच्या कपड्यांत अध्यक्ष उभे होते. त्यांनी आवाज दिला, "बाक तोडू नको बे, सरकारी आहे."

बापाने बाक सोडला आणि उभारी पोरीवर उगारली. मॅडम मध्ये आल्या. मनगटाचं हाड मोडताना वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या आवाजानंतर बाप खाली बसला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारत राहिला, ओठ फुटेपर्यंत. त्याचे हात कुणीच धरले नाहीत. मीही नाही.

संध्याकाळी दवाखान्यात मुख्याध्यापक आणि अध्यक्ष हात जोडून उभे होते. पोलिसात जाऊ नका, शाळेचं नाव खराब होईल, असं दोघांचं म्हणणं. मॅडमचा हात कोपरापर्यंत प्लास्टरात. त्या म्हणाल्या, जात नाही. पण परीक्षेपर्यंत ब तुकडी दुपारी माझ्या वर्गात बसेल, असं लिहून सही करा. मग माझ्याकडे वळल्या.

"सर, माझा हात चालत नाही. तुम्ही लिहा. तुमचं अक्षर छान आहे, हजेरीत पाहिलंय."

मी लिहिलं. नोकरीत बरंच काही लिहिलं, अहवाल, मानपत्रं, स्वागतगीतं. पण अक्षर बिघडलेला तो एकच कागद. त्यावर अध्यक्षांनी सही केली, त्यांच्या नेहमीच्या ऐटबाज वळणाने. दुसऱ्या दिवशी पोरगी कपाळाला पट्टी बांधून आली. पंधरा दिवसांनी मॅडमही आल्या आणि डाव्या हाताने वाकडे त्रिकोण काढू लागल्या. कापूस त्या वर्षी उशिरा वेचला गेला. मार्चच्या परीक्षेत ब तुकडीतले काही नापास झाले, शाळेची परंपरा मोडली. पोरगी गणितात पास झाली, फार नाही, पण पुरेशी, आणि जूनमध्ये मेहकरच्या एसटीत चढली. तिला सोडायला बाप आला होता. तो एसटीपासून लांब, पाठमोरा उभा होता.

मॅडमची बदली होऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं मनगट पुढे नीट वळायला लागलं की नाही, हे विचारायचं मला कधी धाडस झालं नाही. शाळेत नवी प्रयोगशाळा झाली, तिच्या कोनशिलेवर अध्यक्षांचं नाव आहे. दहावीला आता दुपारी सगळीच मुलं एकत्र बसतात. तिथल्या तरुण शिक्षकांना मी एकदा सहज विचारलं, हे कधीपासून? ते गोंधळून म्हणाले, पहिल्यापासूनच असंल ना सर. मी हो म्हणालो. इतक्या मारानंतर मिळालेली गोष्ट कुणाला मिळवलेली वाटू नये, यापरती चांगली अखेर तिला काय असणार, असं मी स्वतःला समजावतो. आणि तरीही त्या ‘हो’पाशी मी अजून अडखळतो.