मास्तरच्या बाह्या

माझा स्वभाव तापट. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. अशा माणसाने पोकर खेळावं की नाही, यावर आमच्या घरी पुष्कळ चर्चा व्हायची, आणि बायकोचं मत खेळू नये असंच होतं.

नव्वदच्या आसपास आम्ही गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला आलो. पूनम सागरच्या बाजूला चार मजली इमारत, पुढे मोकळे प्लॉट. नातेवाईक विचारायचे, "एवढ्या लांब? भाजी तरी मिळते का रे तिकडे?" भाजी मिळायची. पाणी मिळायचं नाही. रविवारी सकाळी टँकर येऊन गेला, बादल्या वर चढवल्या, जेवण झालं, की संध्याकाळपर्यंत काय करायचं हा प्रश्नच असायचा.

तो सोडवला तळमजल्यावरच्या काकांनी. ते जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये काम करून निवृत्त झालेले. पोकर ते समुद्रावर शिकले होते आणि तो त्यांनी आम्हा तिघांना शिकवला: मला, केबिन रोडवर कटलरीचं दुकान असलेल्या शेठला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरला. मास्तर म्हणजे भाईंदरच्या एका शाळेतला ड्रॉइंगचा शिक्षक. त्या इमारतीतला माझा खरा मित्र.

खेळ सोपा. प्रत्येकाला पाच पत्ते. नको असतील ते एकदाच बदलून घ्यायचे, मग बोली. आपल्याकडे भारी पत्ते आहेत असं भासवायचं, नाहीतर गुपचूप खाली ठेवून 'पॅक' म्हणायचं. पैसे लावायचे नाहीत असा काकूंचा हुकूम होता, म्हणून आम्ही चिंचोके लावायचो. काकूंनी दोन बरण्या भरून धुऊन वाळवून दिले होते.

शेठला तो टाइमपास होता. मला नव्हता. मी चक्क वही केली होती. शेठला चांगले पत्ते आले की तो गुणगुणतो. काका थाप मारत असले की चष्मा पुसतात. मास्तरच्या पानावर मात्र एकच ओळ होती: काही कळत नाही. मास्तर उन्हाळ्यातसुद्धा पांढरा फुल शर्ट घालायचा, मनगटाशी बटणं लावलेली, आणि त्या शर्टासारखाच चेहरा, इस्त्री केलेला. मी त्याच्यावर चिडायचो आणि तो मला फार आवडायचा.

पत्ते माझे असायचे. शेठच्याच दुकानातून मी दोन कॅट घेतले होते, निळ्या पाठीचे, अगदी सारखे. एक खेळाचा, एक घरचा. बसायच्या आधी खेळाचा कॅट मीच मोजायचो. बावन्न झाले की वाटायला घ्यायचो.

त्या वर्षी गणपती उरकल्यानंतरचा पहिला रविवार. माझ्या हातात तीन एक्के आले, त्यांत इस्पिकचाही. माझे कान गरम झाले. काका आणि शेठ पॅक झाले. मास्तर आणि मी चढवत गेलो, माझे सगळे चिंचोके मध्ये गेले. मग मास्तरने शांतपणे पत्ते उलटे केले. पाचही इस्पिकचे, म्हणजे तीन एक्क्यांनाही भारी. आणि त्यांत एक्का.

इस्पिकचा एक्का माझ्या हातात होता!

पुढे मी जे बोललो ते आज लिहितानाही लाज वाटते. चोर म्हणालो. "मुलांना हेच शिकवतोस काय?" म्हणालो. काकांनी पत्ते मोजले, बावन्न भरले. त्यावर मी म्हणालो, "भरणारच! एक काढून एक घातला असेल. बाही वर कर." शेठ म्हणाला, "छोडो ना भाई, इमली के बीज के लिए झगडा?" पण माझं डोकं फिरलं की मला कुणी दिसत नाही.

मास्तरने आधी खिसे उलटे केले. खडूचा तुकडा आणि घडीचा रुमाल पडला. मग त्याने बटणं काढली आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. उजवा हात मनगटापासून वरपर्यंत भाजलेला होता. लहानपणी चुलीवरचं आधण अंगावर सांडलेलं, हे मला नंतर कळलं. बाहीत पत्ता नव्हता.

"पत्ते तुझे," तो म्हणाला. "मोजलेस तू." आणि निघून गेला.

आमच्या इमारतीत दारं उघडीच असायची आणि माझा आवाज म्हणजे विचारू नका. संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यापर्यंत बातमी गेली. कुणी म्हणालं, मास्तर हातचलाखी करतो. कुणी म्हणालं, दिसतो तेवढा साधा नाही हं. दर वर्षी सोसायटीच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर मास्तर करायचा. पुढच्या गणपतीला कुणी त्याला विचारायला गेलं नाही आणि तोही आला नाही. बाजारातून तयार आणलं, एका बाजूला कललेलं. मी आरतीला उभा राहून त्या कललेल्या मखराकडे बघत होतो आणि स्वतःला सांगत होतो की माझं बरोबर आहे.

खेळ तर संपलाच. काका आणि शेठ दोघंच रमी खेळायचे. मी दोन्ही कॅट आणि वही माळ्यावर फेकली आणि घरात पत्त्यांचं नाव काढायचं नाही असं फर्मान काढलं. टँकरच्या रांगेत मास्तर दिसला की मी बादलीत बघायचो. रविवारची दुपार खायला उठायची. मला खेळ आठवायचा, आणि खेळापेक्षा तो इस्त्रीचा चेहरा जास्त.

त्या गणपतीनंतरच्या मे महिन्यात माझी भाची रत्नागिरीहून सुट्टीला आली. ऊन मी म्हणत होतं, पोरींना बाहेर सोडता येईना. माझी मुलगी आणि भाची दोघींनी डोकं खाल्लं, तेव्हा मी माळ्यावरून घरचा कॅट काढून दिला. आम्ही तिघं बदाम सात खेळायला बसलो. बदाम सत्ती लागली. मुलीने चौकट सत्ती टाकली.

"ए, चौकट सत्ती माझ्याकडे आहे!" भाची ओरडली.

"खोटं! चीटिंग करतेस!"

"तूच चीटर! मामा, बघ ना हिला!"

मी दोघींचे पत्ते बघितले. दोन चौकट सत्त्या. मी सगळ्यांच्या हातातले पत्ते काढून घेतले आणि जमिनीवर मांडले. इस्पिकचा एक्का नव्हता. मग स्टूल घेऊन पुन्हा माळ्यावर चढलो, दुसरा कॅट काढला. त्यात इस्पिकचे एक्के दोन, चौकट सत्ती नाही.

बायको पदराने कपाळ पुसत उभी होती. "अगं बाई," ती खाली बसली. "हरतालिकेचं जागरण!"

भांडण झालं त्या वर्षी हरतालिकेला बिल्डिंगमधल्या बायका आमच्याकडे जागल्या होत्या. रात्रभर जागायचं तर पत्ते हवेतच. दोन घोळके, दोन कॅट. मध्येच लाईट गेली, सगळ्या धडपडत उठल्या. सकाळी हिने पत्ते आवरले तर दोन्हींत एकेक कमी. सतरंजी झटकली तर खाली दोन पत्ते. दिवसभराचा निर्जळी उपास, रात्रभराचं जागरण, दुसऱ्या दिवशी गणपती यायचे. एक पत्ता हिने न बघताच या डब्यात घातला, एक त्या डब्यात. बावन्न आणि बावन्न.

"मला एका शब्दाने विचारायचं होतंत," ती म्हणाली. "तुम्ही आधी तोंड उघडता, मग डोळे."

मी नुसते मोजत होतो, बघत कधीच नव्हतो.

तसाच दोन्ही कॅट घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. मास्तरने दार उघडलं, आत ये म्हणाला नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं, पत्ते दाखवले, माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं.

"हे मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "मी चोरी केली नाही हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

दार लागलं. मला रागसुद्धा आला नाही, एवढा तो खरं बोलला होता.

जूनमध्ये सोसायटीची मीटिंग होती. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि पाण्यावरून नेहमीची हमरीतुमरी चालू होती. मी उभा राहिलो आणि दोन सत्त्या, दोन एक्के वर धरले. कुणीतरी ओरडलं, "अहो, पाण्याचं बोला, पत्ते कसले दाखवताय?" लोक हसले. तरी मी सगळं सांगितलं. हरतालिका, सतरंजी, मी काय काय बोललो ते. शेवटी म्हणालो, "मास्तर चोर नाही. मी मूर्ख आहे. हे मी तेव्हा जितक्या मोठ्याने ओरडलो तितक्याच मोठ्याने सांगतोय." आता कुणी हसत नव्हतं. मागच्या खांबाजवळ मास्तर उभा होता. त्याचा चेहरा, नेहमीप्रमाणे, काही कळत नाही. पण चौथ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीण बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, यंदा मखर तुम्हीच करा बाई. मागचं फारच वाकडं होतं."

काकांनी रविवारी सगळ्यांना बोलावलं. मी आठवडाभर वही पुन्हा वाचली, ताटाशेजारी पाच-पाच पत्ते वाटून सराव केला, बायकोची बोलणी खाल्ली. शेठने दुकानातून नवा कॅट आणला, लाल पाठीचा. मी एकेक पत्ता उलटा करून चारी रंग मांडले, मग मोजले.

मास्तर उशिरा आला. पांढरा फुल शर्ट, आणि दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. भाजलेला हात उघडा. कुणाकडे न बघता तो आपल्या जागी बसला. शेठ छताकडे बघायला लागला.

"मास्तर," मी म्हणालो, "बाह्या सोड."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने आधी उजवी, मग डावी बाही खाली घेतली आणि मनगटाशी बटणं लावली.

"वाट," तो म्हणाला.

मी वाटले. पहिल्याच डावाला माझ्याकडे दोन राजे, दोन दश्शे, म्हणजे भारीच पत्ते आले. काका, शेठ पॅक झाले. मास्तरने आपले सगळेच्या सगळे चिंचोके मध्ये ढकलले. त्याचे पत्ते बघायचे तर मला तेवढेच टाकावे लागणार होते, आणि ते माझ्याकडे होते.

मी पत्ते खाली ठेवले. "पॅक."

मास्तरने चिंचोके ओढून घेतले आणि आपले पाच पत्ते उलटे न करता कॅटमध्ये सरकवले. त्याच्याकडे काय होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही.