हौद झाकायचे दिवस

आमच्या धंद्यात वर्षातला महिनाभर काम आणि बाकीचे महिने बोलणं! ह्यांचं नळाचं काम बारमाही, पण त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. नळ गळतो, नळ थांबतो, संपलं. हौदांचं तसं नव्हतं. हौदाचा गाळ दरवर्षी उपसता यायचा, किस्से मात्र साचतच गेले. आता चारजणी बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, ते हौदाचं सांगा की!"

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. संस्थान होतं तेव्हा सरदारांनी, बड्या व्यापाऱ्यांनी हौसेनं आपापल्या बंगल्यांत पोहायचे हौद बांधून घेतले. उन्हाळ्याच्या सुटीत पोरंबाळं डुंबायची. पावसाळा लागला की मात्र त्या हौदाचं डबकं व्हायचं. म्हणून मृगाच्या आधी तो बंद करायचा. भिंतींचं शेवाळ घासायचं, मोरचूद टाकायचा, तळाच्या पाइपात लाकडी बूच ठोकायचं आणि वर फळ्या टाकून ताडपत्री ताणायची. ह्या कामाचे पुढारी आमचे हे. ताडपत्र्या मी मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्यात बसून शिवायची. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. सासूबाई म्हणायच्या, "एवढं शिकून शेवटी गोणपाटच शिवायलीस की गं!"

आणि पाण्याखाली जाऊन बूच ठोकायचे ते गणूमामा. पुढचे बहुतेक किस्से त्यांचेच. त्यांना छातीचा खोकला जडला होता आणि डॉक्टरांनी पाणी बंद करायला सांगितलं होतं. मामांना पाण्याबाहेर कसं काढायचं, हा आमच्या घरातला घोर. मामांचा घोर वेगळा. पाणी सुटलं की शाहूवाडीला जावयाच्या दारात बसून भातावरची पाखरं हाकायची!

*

पहिल्या वर्षी मामा अजून आमच्यात नव्हते. अण्णासाहेब म्हणून एक जैन व्यापारी, त्यांचा हौद ह्यांनी बंद करायला घेतला. काम नवं, उत्साह दांडगा. ह्यांनी पाण्याचा थेंबन् थेंब काढला, तळ असा घासला की त्यावर पान मांडून जेवावं! मग ताडपत्री ताणून समाधानानं घरी आले.

श्रावणात अण्णासाहेबांचा निरोप आला. हे गेले, मीही मागोमाग गेले. ताडपत्री उचलली तर काय! खालच्या काळ्या मातीत पाणी भरलं होतं आणि वरून दाबायला हौदात काहीच नव्हतं. तळ मधोमध पुरीसारखा फुगून फुटला होता.

अण्णासाहेब काठावरून वाकले. मग म्हणाले, "हौदाला दिवस गेलेत की ओ, फिटर!"

बंगल्यातले नोकर हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांनी तो तळ स्वतः फोडून स्वतः बांधून दिला. त्या वर्षी आमच्या घरात दिवाळी झाली नाही.

*

तेव्हापासून नियमच झाला. हौद रिकामा ठेवायचा नाही, आत निम्मं पाणी हवंच. पण मग तळाचं बूच ठोकायचं पाण्याखाली, तेही पाइप पाणी ओढत असताना. हात सापडला तर सुटायचा नाही. पाइप बंद करायच्या चाव्या होत्या, पण सगळ्या गंजून बसलेल्या. तेव्हा विहिरीत बुड्या मारणारा माणूस हवा, म्हणून कुणीतरी गणूमामांना घेऊन आलं. काळे, उंच, डोक्याला लाल फेटा, अंगात पितळी बटणांचं जुनं जाकीट.

ह्यांनी विचारलं, "आजवर विहिरीतनं काय काय काढलंत?"

"घागरी काढल्या. बादल्या काढल्या. एकदा म्हस काढली. आन माणसं."

"माणसं किती?"

"म्हशी मोजत्यात," मामा म्हणाले. "माणसं न्हाय मोजत."

 दुसऱ्या दिवसापासून मामा कामावर!

*

गगनबावड्याला एका रिटायर साहेबांचा बंगला होता. तिथला पाऊस म्हणजे पाऊस नव्हेच, आभाळच खाली येतं. एका वर्षी मी दुहेरी शिलाई घातलेली ताडपत्री पहिल्याच वाऱ्यानं उडवून नेली. साहेबांचा माणूस बोलवायला आला. हे आणि मामा एसटीनं गेले, दिवसभर चिखलात हिंडले.

खालच्या अंगाला एका वाडीत ती सापडली. एका घराचं छप्पर पडलं होतं, त्यावर घातलेली. माझी दुहेरी शिलाई लांबूनही ओळखू येत होती! आत एक बाई बाजेवर पडून होती. बाळंतीण होती, पण बाळ दिसत नव्हतं. तिचा नवरा दारात आला.

"काय पावणं, कायतरी शोधताय व्हय?"

हे म्हणाले, "नाही. वाट चुकलो."

 परतताना एसटीत बसल्यावर मामा म्हणाले, "फिटर, तुला धंदा जमायचा न्हाय बघ." आणि स्वतःचं घोंगडं ह्यांच्या अंगावर टाकलं. ते भिजलेलंच होतं!

*

रंकाळ्याच्या बाजूला एक बंगला होता. तिथल्या हौदात आक्कासाहेबांचा एकुलता मुलगा गेला. मौंजीबंधन नुकतंच झालेलं, नव्या कोटासकट पाण्यात पडला. आक्कासाहेब म्हणायच्या, हौद बुजवून टाका. सासरे म्हणायचे, वडिलांनी बांधलाय, बुजवायचा नाही. त्यामुळे कुणीच पोहत नाही असा तो हौद दरसाल भरायचा आणि दरसाल आम्ही बंद करायचा.

मामा बूच ठोकून वर आले की आक्कासाहेब खांबाआडून विचारायच्या, "तळाला काही दिसलं?"

"न्हाय आक्कासाब. नुसतं पाणी."

दरवर्षी हाच प्रश्न, दरवर्षी हेच उत्तर. एका वर्षी मात्र मामा वर आले आणि त्यांनी ओली मूठ पुढं केली. आत पितळेचं एक बटण होतं. आक्कासाहेबांनी ते दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि आत निघून गेल्या. पुढच्या वर्षी त्या खांबाआड आल्या नाहीत. हौद बुजवा असंही पुन्हा म्हणाल्या नाहीत.

त्या दिवशी घरी परतल्यावर मी मामांना म्हटलं, "जाकीट काढून द्या मामा, वरचं बटण तुटलंय. लावून देते."

"ऱ्हाऊ दे पोरी," मामा म्हणाले. "वारा लागतोय बरा."

*

मामांचा खोकला वाढतच गेला. ह्यांनी एकदा त्यांना धरून डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "आता पाण्यात उतरलात तर जिवाशी खेळ आहे."

मामा जाकीट चढवत म्हणाले, "डाक्टर, तुमी पवताय का?"

"नाही बुवा."

"मग तुमाला पाण्याचं काय ठावं!"

घरी त्यांची बायको बायजामावशी. तिनं तर हात टेकले होते. मी तिला म्हटलं, "मावशी, तुम्ही तरी सांगा."

"म्या सांगून ऐकतोय व्हय त्यो? लगीन झालं त्या दिशी बी हिरीवर गेलता. मांडवात मी, आन नवरा पाण्यात!" ती पदरानं तोंड पुसत हसली. मग हळूच म्हणाली, "पर फिटरला सांग. औंदा नगं उतरू दे त्याला. रातच्याला श्वास घेताना घरभर आवाज येतोय."

ह्यांनी तिला शब्द दिला.

*

तोपर्यंत संस्थान जाऊन बरीच वर्षं झाली होती. बंगले विकले जात होते, हौदांत लोक फुलझाडं लावत होते. त्या वर्षी आमच्याकडं दोनच हौद उरले. पैकी मोठ्या बंगल्यातल्या हौदाला मीही गेले होते, ताडपत्रीच्या कड्या बसवायच्या होत्या.

पाणी निम्म्यावर आलं तसे हे सदरा काढून म्हणाले, "मामा, आज मी उतरतो. तुम्ही पायरीवर बसा."

"तुला जमायचं न्हाय."

"तुमचंच बघून शिकलोय की."

"बघून शिकला म्हनं!" मामा मला म्हणाले. "बघून कुणी प्वॉर तरी जन्माला घालतंय का?" पण बसले. विडी पेटवली.

हे बूच घेऊन खाली गेले. थोडे बुडबुडे आले. मग आलेच नाहीत. मी मामांकडं पाहिलं. विडी फरशीवर पडलेली होती आणि मामा तिथं नव्हते. फेट्यासकट, जाकिटासकट ते पाण्यात गेले होते.

किती वेळ गेला कोण जाणे. मी काठावर बसून नुसती पाण्याला हाका मारत होते. मग आधी ह्यांचं डोकं वर आलं, मागून मामांचा हात. पाइपानं ह्यांचा हात कोपरापर्यंत ओढून घेतला होता. मामांनी जाताना उचललेली काठावरची पहार घालून तो सोडवला. हाताची कातडी सोललेली होती, पण हे श्वास घेत होते.

मामा वरच्या पायरीवर बसले. फेटा काढून पिळला. खोकले, आणि हसले. "फिटर, तुज्यापायी बूच बी गेलं असतं की रं!" मग मला म्हणाले, "सूनबाई, च्या सांग. साखर जादा घालाया सांग."

मी धावत बंगल्याच्या स्वयंपाकघरात गेले. आचाऱ्याकडून कप घेऊन आले, तर मामा भिंतीला टेकून बसले होते. पिळलेला फेटा मांडीवर होता. हे त्यांच्या पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होते. मी म्हटलं, "मामा, चहा." ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

बैलगाडीतून त्यांना घरी आणलं. गल्ली गोळा झाली. बायजामावशी उंबऱ्यात उभी होती. ती रडली नाही. ह्यांच्या हाताला बांधलेलं फडकं तिनं बघितलं आणि सगळं समजली. हे तिच्या पायांवर पडायला गेले, तिनं पडू दिलं नाही.

"पाण्यात गेला का भाईर?" तिनं मला विचारलं.

"बाहेर, मावशी. पायरीवर बसून. चहा मागितला, साखर जादा म्हणाले. मी घेऊन येईपर्यंत..."

ती वळून आत गेली. चुलीपुढं बसली, काटक्या मोडून आत सारल्या आणि काडी ओढली. बायका एकदम पुढं झाल्या. "अगं बायजा, खुळी का काय तू! मयत दारात हाय. चूल पेटवायची नसती!"

मावशीनं वर पाहिलंसुद्धा नाही. तिनं आधण ठेवलं.

"त्यानं च्या मागितलाय," ती म्हणाली.