सायकलीवर टाकलेला दुपट्टा

जिममध्ये पहिल्याच दिवशी मी अकरा जणांचा घाम घरी घेऊन आलो.

मी दवनीवाड्याचा. धानाची शेती, शाळा चौथीपर्यंत. मागच्या भादव्यात बायको गेली आणि मी खाटेवर बसलो तो बसलोच. मग लेकाने उचलून गोंदियाला आपल्या घरी आणलं. सून म्हणाली, "मामाजी, दिवसभर भिंतीकडे पाहून राहता. ह्यांच्यासंग जिमले जात जा."

"चाळीस वर्षं धानाच्या बांधीतला चिखल तुडवला, आता अजून कायले?"

पण सुनेपुढे कोणाचं चालते? (लेकाचं तर नाहीच.)

गेलो. खांद्यावर दुपट्टा होता. दुपट्टा म्हणजे बायकोच्या लुगड्याचा फाडलेला तुकडा. ती गेल्यापासून तो मी कोणाला धुऊ दिला नाही. नाकाशी नेला का तिचा वास यायचा, चुलीच्या धुराचा आणि खोबरेल तेलाचा. लेक म्हणे, "बाबूजी, तो तुमच्याच घामाचा वास होय." त्याला काय कळते!

जिममध्ये गाणी जोरात, आणि पोरं लोखंड उचलून राहिले. म्हातारा माणूस दारातून आला तर "या जी, बसा जी" म्हणावं का नाही? नाही! सगळे आरशात स्वतःलाच रामराम करून राहिले!

मला कोपऱ्यातली सायकल पसंत पडली. (कितीही पाय मारा, गाव येतच नाही, अशी.) दहा मिनिटांत तहान लागली. आता जागा सोडून जायचं तर काय करतात? एसटीत करतात तेच! दुपट्टा सीटवर टाकला. आमच्याकडे खिडकीतून दुपट्टा पडला का जागा पक्की, मग पाटील आला तरी उभा राहील. पाणी प्यालो, दारावरच्या चौकीदारासंग धानाच्या गोष्टी केल्या आणि लगेच परत आलो. (लगेच म्हणजे अर्ध्या तासात.)

पाहतो तर सायकलवर एक जाडा माणूस! आणि दुपट्टा? एक दंडवाला पोट्टा त्याने बाकडं पुसून राहिला. त्याच्या हातून दुसऱ्याने घेतला, दांडा पुसला. तिसऱ्याने तर काखेत घातला!

"अबे, ठेव तो!"

"क्या हुआ अंकल? पोंछने का कपड़ा है ना? मशीन पे पड़ा था."

"पोंछने का? सीट धरली होती मी!"

"जिम में सीट नहीं धरते, अंकल. यूज करो, पोंछो, छोड़ो. मॅनर्स है."

मॅनर्स! दुसऱ्याचा कपडा काखेत घालायचा आणि मले मॅनर्स शिकवायचे! मी असा ओरडलो का कोणीतरी गाणं बंद केलं.

"कोणाकोणाने पुसलं? हात वर करा!"

एक, दोन, चार... दहा हात वर झाले. मग मागून हळूच अकरावा. माझ्या लेकाचा!

"तू बी? मायच्या लुगड्यानं?"

"बाबूजी, इतका मळका होता... मले वाटलं जिमचाच होय."

मग त्याने तो हातात घेतला, किनार पाहिली आणि त्याची नीट घडी करायला लागला. मी हिसकून नाकाशी नेला. ती नव्हती. अकरा जण होते.

घरी आलो. सुनेने हात पुढे केला, "द्या, मी धुते."

"काही गरज नाही!"

मोरीत बसलो आणि रागारागाने घासत सुटलो. चाळीस वर्षं ती सांगत राहिली, "अजी, एक दिवस तरी आपला दुपट्टा आपल्या हातानं धुवा." शेवटी धुतला, तर पाहायला तीच नाही. चांगला तासभर घासला. तेवढ्यात सून दारात येऊन पाहते आणि म्हणते,

"अगा माय! मामाजी, ते भांड्याचं साबण होय ना!"

आता दुपट्टा नाकाशी नेला का घासलेल्या पातेल्याचा वास येतो.