घोंगडीवरचे बूट

माझ्या पाठीवर एक साहेब बूट घालून उभा होता आणि मी हसत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला कुणी शूरवीर समजायला नको.

पाचगणीच्या एका हॉटेलात मी वेटर. त्या दिवशी पुण्याची कंपनी आली होती, आपली माणसं जोडायला. एका कचेरीत बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे. म्हणून लॉनवर गटागटानं चॅलेंज खेळायची, मोबाईलवर पॉइंट पडणार, जिंकेल त्या गटाला कप. एक माईकवाला सगळ्यांना नाचवत होता.

सकाळीच मॅनेजर म्हणाले, "गावाकडचं काहीतरी आण रे. पाहुण्यांना लोकल टच पाहिजे."

मी हुरळलो. खोलीवर पळत गेलो आणि बापाची घोंगडी घेऊन आलो. ती पांघरून माझा बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला. आमच्या माणदेशात, धनगरवाड्यावर, घोंगडी अंथरली की तिच्यावर बसून निवाडा होतो. तिच्यावर पायताण घालून चढत नाहीत. तिच्यावर खोटं बोलत नाहीत. हे पाहुण्यांना सांगायला मी इंग्रजी भाषणसुद्धा पाठ केलं होतं. आरशासमोर, हातवारे करून. येडा!

भाषणाची पाळी आलीच नाही. माईकवाल्यानं घोंगडी ओढली, गवतावर टाकली. "अख्खी टीम या चादरीवर मावली पाहिजे! पाय खाली लागला की आऊट!"

बूट चढले. सँडल चढल्या. मग घडी घालून अर्धी. परत अर्धी. मी ट्रे धरून शेजारी.

"सर, ते पायताण..."

"काय मामा?"

"काय न्हाई. च्या घेणार का?"

खरंच असं म्हणालो. चहा विचारला मी!

घडी एवढीशी झाली, माणसं मावेनात. मग त्यातल्या एकाला सुचलं, "मामांना ओणवं करा ना! वर एक जण उभा राहील."

"बोनस!" माईकवाला ओरडला.

मी मॅनेजरकडं पाहिलं. त्यांनी नुसता हात खाली केला. वाक.

वाकलो. हातगुडघे घोंगडीवर, पाठीवर बूट. टाळ्या. मोबाईल समोर. "मामा, मेंढीसारखं ओरडा ना!"

ओरडलो. लय हुबेहूब. धनगराचंच पोर, जमणार नाही तर काय!

नाक घोंगडीला टेकलं होतं. बापाचा वास आला. लोकरीत जेजुरीचा भंडारा मुरलेला, त्याच्यावर कुणाची तरी टाच फिरत होती. हिच्यावर खोटं बोलायचं नसतं. आणि मी हसत होतो.

हसू बंद झालं. उठलो. सांगून नाही, सरळ उठलो. साहेब गवतात. त्याच्यावर अख्खा गट.

"ए! अक्कल आहे का?"

"पायताण काढा. मग चढा."

"चिल मामा, गेम आहे!"

मॅनेजर दात खात आले. "माफी माग साहेबांची. नोकरी पाहिजे का घोंगडं?"

"घोंगडं."

म्हणालो खरा. बायकोला काय सांगू, हेच पहिलं मनात आलं. तिकडं गटाचे पॉइंट कापले गेले. सगळे मिळून एका सुरात मला शिव्या देत होते. माणसं जोडली गेली, हे मात्र खरं.

घोंगडी झटकली आणि स्वयंपाकघरामागच्या मोरीजवळ अंथरली. भांडी घासणारी शोभाक्का हात पुसत आली.

"मला मागल्या खेपंला असल्याच खेळात डोक्यावर घागर दिऊन पळीवलं हुतं. पडली तवा लय हसली समदी."

"बस की, आक्का."

चप्पल काढून बसली. मग माळी आला. मग आचारी. बोलणं झालं, ठरलं. ताटं वाढायची, खोल्या झाडायच्या. पण पाहुण्यांच्या खेळासाठी कुणी पाठ वाकवायची नाही. एकाला काढलं तर सगळे जाणार.

मॅनेजर बोंबलत आले. "जेवण कोण वाढणार?"

"वाढू की," शोभाक्का म्हणाली. "आदी बूट काडून हितं बसा, सायेब."

ते काठाशी उभे राहिले, बुटासकट. आम्ही उठलो नाही. कुणी हसलंही नाही.

घोंगडीवर ठरलेलं आमच्यात मोडत नाहीत. नोकरी राहो नाही तर जावो, या पाठीवर आता कुणी चढायचं नाही. चढलाच, तर मी पुन्हा न सांगता उठणार आहे.