बोटभर मागं सरलेला पाय
स्पिरिटचा वास आला की लातूरचा तो वॉर्ड आठवतो. जिल्हा नवाच झाला होता आणि दुष्काळानं नळ कोरडे पडले होते. मणक्यात पू साठून वडिलांचे पाय महिनाभर लुळे पडले होते. वयस्कर सर्जननी टँकरच्या उकळलेल्या पाण्यानं हात धुतले आणि पाठ उघडून पू काढला. नंतर रोज ते वडिलांचा पाय हातात घेऊन बोटं हलतात का बघत. वडील ओशाळून म्हणत, “साहेब, पायाला हात नका लावू, तुमी लई मोठी माणसं.” दहाव्या दिवशी डॉक्टरांनी हात पुढं केला आणि संकोचानं वडिलांचा तो लुळा पाय बोटभर मागं सरला. “बरं, आता नाही लावत,” डॉक्टर हसून म्हणाले. आज कुणी पाया पडायला वाकलं की माझाही पाय मागं सरतो. तो सरू शकतो, याचंच मला नवल वाटतं.