मधोमधचं घर

आक्का रागावल्या की आधी मराठीत बोलत, पारा चढला की कानडीवर जात, आणि राग खरोखर मोठा असला की बोलतच नसत. शाहूपुरीतल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही सहा वर्षं भाड्यानं राहिलो. मराठीतला राग रोजचा होता, कानडीतला आठवड्यातून एखादा. गप्प बसलेल्या आक्का मी एकदाच पाहिल्या आणि त्याला कारण आम्ही दोघं होतो. आजही ते आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

तेव्हा मी सांगलीला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते आणि हे निपाणीला एका कारखान्यात. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. लग्न ठरलं तशी राहायचं कुठे यावर खलबतं सुरू झाली. पेठ वडगावच्या माझ्या सासूबाईंच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. बाईनं नोकरी सोडायची आणि निपाणीला बिऱ्हाड करायचं. मी नोकरी सोडणार नव्हते. शेवटी ह्यांनी एसटीचं वेळापत्रक पुढ्यात घेतलं आणि कोल्हापूर ठरवलं. एका बाजूला निपाणी, दुसऱ्या बाजूला सांगली, आणि आमचं घर बरोब्बर मधोमध. दोघांना सारखाच त्रास, असं हे चारचौघांत मोठ्या अभिमानानं सांगत. लोक माना डोलावत. किती समजूतदार नवरा मिळाला म्हणून मैत्रिणी माझा हेवा करत आणि मीही मिरवून घेत असे. पुढे मनू झाली, पण ते वेळापत्रक पुन्हा कुणी उघडून पाहिलं नाही.

आक्का गुळाच्या एका अडत्याची विधवा. माहेर चिकोडीकडचं, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, मूलबाळ नाही. मनूला त्यांनी सांभाळायचं असं कधी ठरलंच नव्हतं. तिला सांभाळायला ठेवलेली बाई आठ दिवसांत पळाली, त्या सकाळी आक्का वर आल्या आणि पोरीला कडेवर घेऊन खाली निघून गेल्या. तिला त्या 'तंगी' म्हणत, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. संध्याकाळी मी तिला न्यायला दारात उभी राहिले की आतूनच ओरडत, "तंगी, ऊठ. पावणी आली बग." आईला पाहुणी म्हणायचं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबत. दिवसभर उभ्यानं प्रवास करून आलेल्या बाईला असं बोलायचं धाडस फक्त आक्काच करू शकत होत्या, आणि मनूला खाऊ घालून, न्हाऊ घालून, वेणी घालून ठेवलेली असल्यामुळे मला काही बोलता येत नसे.

ह्यांना तर त्या जिन्यातच गाठत. "दोघास्नी सारखं लांब पडंल असं घर बगितलासा. पोरीला जवळ कोण हाय? मी. आणि मी काय अमरपट्टा बांधून आलोय?" हे हसून म्हणत, तुम्ही आहात म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत. मग पुढचं सगळं कानडीत. त्यातला एक शब्द आम्हाला कळत नसे, पण कळायचं ते कळत असे. ते कळूनही आम्ही जिना चढून वर जात असू.

मनू पाच वर्षांची असताना एका सकाळी त्याच जिन्यावरून पडली. डोकं फुटलं. आक्कांनी तिला पदरात गुंडाळलं, रिक्षा केली आणि डॉक्टरांकडे नेलं. चार टाके पडले. डॉक्टरांच्याच फोनवरून त्यांनी आधी माझ्या कचेरीत निरोप दिला, मग कारखान्यात. साहेब म्हणाले, लगेच निघा. मी पर्स खांद्याला लावली होती. तेवढ्यात मनात आलं, हे तर निघालेच असतील. त्या दिवशी जाणारं एक मोठं पत्रक अर्धवट टाइप झालं होतं. कारखान्यात फोन लावून पाहिला, लागला नाही. लागत नाही म्हणजे गेलेच असणार, असं मी धरलं आणि पर्स खाली ठेवली.

संध्याकाळी सात वाजता मी नेहमीच्या गाडीनं कोल्हापूरला उतरले तर समोरच्या फलाटावर हे उतरत होते. हातात डबा.

"तुम्ही आत्ता येताय?" मी विचारलं.

"मला वाटलं तू दुपारीच आली असशील," हे म्हणाले.

स्टँडपासून घरापर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मनू पट्टी बांधलेलं डोकं आक्कांच्या मांडीवर ठेवून झोपली होती. आक्कांनी तिला उचलून माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर चार दिवस त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

पाचव्या दिवशी वर आल्या आणि म्हणाल्या, दिवाळीच्या आत घर खाली करा, माझा भाचा राहायला येणार आहे. हे भडकले. असं अचानक आम्ही जाणार कुठे? "सांगलीला जावा. हिच्या कचेरीशेजारी घर बगा. हेलपाटा तू कर एकट्यानं," आक्का म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्या रात्री आमच्या घरात आक्कांना जे जे म्हटलं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. आमच्या घरात नाक खुपसणारी ही कोण? मीही त्यात मागे नव्हते. खरं तर हे भांडण मी नवऱ्याशी सहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. ते मी केलं नाही, आणि एका परक्या बाईला करावं लागलं.

सामान बांधायला घेतलं तेव्हा मी त्यांना मनूशी बोलताना ऐकलं. "जा तू. तुजा दंगा सोसत न्हाय मला. पुन्यांदा येऊ नगंस हिकडं." पोरगी रडत वर आली. मी तडक खाली उतरले आणि पाच वर्षांच्या लेकराला असं बोलताना काही वाटत नाही का, म्हणून त्यांना फाडफाड बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माया लावून धाडली तर तितं माजं नाव काढून रडत बसंल. त्यापरास राग येऊ दे तिला माजा," त्या म्हणाल्या. "मोठी झाली की सांग मातर."

भाचा कधीच आला नाही. सांगलीला आम्ही माझ्या कचेरीपासून पाच मिनिटांवर घर घेतलं. ह्यांनी दोन वर्षं सांगली-निपाणी केलं, मग त्यांना मिरजेत नोकरी मिळाली. म्हणजे मिळण्यासारखी होती. शोधायची वेळ आली नव्हती इतकंच, कारण आक्का होत्या.

आणि मी मनूला काही सांगितलं नाही. ती दहा वर्षांची झाली, पंधराची झाली. आक्कांचं नाव निघालं की तोंड फिरवायची. त्या बाईनं आपल्याला हाकललं, एवढंच तिच्या डोक्यात. सांगायचं तर जिना सांगावा लागला असता, पर्स खाली ठेवली ते सांगावं लागलं असतं. आक्का वाईट राहिल्या तर मी चांगली राहत होते.

मनू अठराची असताना आक्का आजारी पडल्याचं कळलं. मी मनूला चल म्हटलं, ती आली नाही. मी एकटीच गेले. आक्का अंथरुणावर अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. माझ्यामागे दाराकडे बघत राहिल्या.

"तंगी न्हाय आली?"

परीक्षा आहे, असं मी सांगितलं.

"तू सांगितली न्हाईस व्हय तिला," त्या म्हणाल्या. रागानं नाही. तरीही घरी येऊन मी गप्पच राहिले. आज सांगू, उद्या सांगू.

पंधरा दिवसांनी आक्का गेल्या. माती देऊन परत आल्यावर मी मनूला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, पर्ससकट. ऐकताना ती केसांत हात घालून टाक्यांचा व्रण चाचपत राहिली.

मग तिनं विचारलं, "पंधरा दिवस आधी का नाही सांगितलंस?"